गल्लीतलं गल्लीत

मेलिसच्या मते अक-तिलेक बाजार त्याच्या नाकाने श्वास घेत होता. सर्दी त्याला झाली तर शिंका बाजाराला येतील अशी त्याची मनोमन खात्री होती, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाची खात्री काढून घेणं सोपं नसतं. बिश्केकहून तोकमोकला जाणाऱ्या रस्त्यावर लोखंडी कंटेनर एकावर एक रचून केलेला हा बाजार. खालच्या कंटेनरात दुकान, वरच्यात माल. प्रत्येक दुकानात कार्डाचं मशीन, बारकोडचं यंत्र, एखादा कॅमेरा. या सगळ्यांचं आपसातलं बोलणं ज्या तारांमधून चालायचं, त्या तारांचा मुख्य म्हणजे मेलिस. कचेरीच्या माडीवर त्याची खोली, खोलीत सगळ्या तारा येऊन मिळतात तो एक मोठा स्विच, आणि स्विचसमोर मेलिसची खुर्ची. दोघांतला मेंदू नेमका कोण, हे कधी कधी त्याच्या स्वतःच्याही लक्षात राहत नसे.

तारेतून निरोप अख्खा जात नाही. त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि कुणीतरी तो पत्ता वाचून तुकडा ज्याचा त्याला पोचवायचा असतो. आम्हा किर्गिझांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या पंगतीत मेंढराचं मांस असंच वाटलं जातं. कुठलं हाड कुणाच्या पुढ्यात जाणार, हे वयाने आणि नात्याने ठरलेलं. डोकं आणि कमरेचं हाड, म्हणजे जाम्बाश, सगळ्यात थोर पुरुषाला. शेपटीकडचा भाग थोरल्या बाईला. बरगड्या पोरासोरांना. वाटणाऱ्याची चूक झाली तर लोक भांडत नाहीत, सरळ उठून जायला जोडे मागतात.

मेलिस दोन्हीकडे वाटपी होता. बाजारात तुकड्यांचा, घरी हाडांचा. त्याच्या बापाने त्याचं नाव चार थोर कम्युनिस्ट पुढाऱ्यांची आद्याक्षरं जोडून ठेवलं होतं, तेव्हा सगळी सूत्रं एका मुठीत धरायची खोड त्याला बारशालाच लागली असणार. तो स्वतःच हे हसत हसत सांगायचा. मूठ मात्र सोडायचा नाही.

बाजारातल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक एक्स्टेंडर होता. दिसायला छोटी लोखंडी पेटी. मेलिसच्या राज्यात या पेट्यांना पत्ता वाचायची परवानगी नव्हती. गल्लीतला तुकडा उचलायचा, माडीवर पाठवायचा आणि वरून आला की खाली टाकायचा, एवढंच त्यांचं काम. शाळेची दप्तरं विकणाऱ्या राहत-एजेला, म्हणजे राहतताईला, आपल्या समोरच्याच कोठाराला विचारायचं असलं, की निळी दप्तरं उरलीत का, तर तो प्रश्न आधी माडीवर जायचा आणि उत्तरही माडीवरूनच यायचं. सासूला विचारल्याशिवाय माहेरच्या माणसाला पाणीसुद्धा न देणाऱ्या सुनेसारखी त्या पेट्यांची गत होती. दुपारी गर्दी वाढली की माडीवर तुकड्यांची चेंगराचेंगरी व्हायची, खाली मशीनं गप्प व्हायची, आणि मेलिस बाह्या सरसावून कामाला लागायचा. आपण नसतो तर काय झालं असतं, या विचाराने त्याला तेव्हा फार बरं वाटायचं. आपण आहोत म्हणूनच हे होतंय, हा विचार त्याला शिवला नव्हता.

त्याच्या हाताखाली सायरागुल नावाची इंजिनिअर होती. तिला तो विचार रोज शिवायचा.

"आके, या पेट्या आता मठ्ठ नाहीत हो," ती म्हणायची. "त्यांना पत्ते वाचता येतात. गल्लीतलं गल्लीत मिटवू द्या त्यांना. बाहेर जायचं तेवढंच वर येऊ दे. तुमच्या स्विचच्या डोक्यावरचा भार हलका होईल."

"आणि चुकल्या तर?"

"आपण नाही का चुकत?"

"आपण चुकलो तर निदान कोण चुकलं ते कळतं."

"ते तर अख्ख्या बाजाराला कळतं," सायरागुल म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

हे असंच चाललं असतं. पण ऑगस्ट संपत आला, शाळेच्या खरेदीची झुंबड सुरू झाली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मेलिसच्या पहिल्या नातवाच्या पाळण्याचा समारंभ आला. तोही बिश्केकला नाही. नारीनकडच्या डोंगरात, मेलिसच्या गावी, जिथे फोनला सिग्नल नाही.

पाळणा आणायचा मान सुनेच्या माहेरचा. आणि खरं घोडं इथेच अडलं होतं. मेलिसचा मुलगा एल्दोस याच्या लग्नात मेलिस हाडं वाटत होता, तेव्हा त्याचा फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला होता. बाजारात एक गल्ली बंद पडली होती आणि ती मेलिसवाचून कशी सुरू होणार? त्या नादात जाम्बाश गेलं व्याह्यांची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरकडे, आणि सुनेच्या आजोबांच्या, बेकबोलोत आबांच्या, पुढ्यात आली पोरांची बरगडी. आबांनी बरगडीकडे पाहिलं, चेहऱ्यावरून हात फिरवून जेवण संपल्याची खूण केली आणि जोडे मागितले. पाठोपाठ व्याह्यांची सगळी पंगत उठली. ड्रायव्हर तेवढा खाऊन उठला. तेव्हापासून सून माहेरी एकटीच जायची, एकटीच यायची.

"दोन वर्षांनी उंबरा चढतायत ते," मेलिसची बायको ऊलकान कणीक मळता मळता म्हणाली. "पोरीने रडून रडून आणलंय त्यांना. आजोबासुद्धा येतायत."

"मग? मी काय नाही म्हणालो?"

"तुम्ही याल हो. तुमचा फोन येणार आहे का, ते सांगा."

"कामाचा माणूस आहे मी, ऊलकान."

"कामाचे तिकडे. इकडे ड्रायव्हरला जाम्बाश वाढता," ती म्हणाली. "या खेपेला काही झालं ना, तर त्या पोरीचं माहेर कायमचं तुटेल. मी तुम्हाला काही बोलणार नाही. तीही बोलणार नाही. फक्त रोज तुम्हाला चहा देईल, मान खाली घालून."

सूनबाई मेलिसला मनापासून आवडायची. ती जेव्हा मान खाली घालून चहा द्यायची, तेव्हा त्याला तो चहा जात नसे.

दुसऱ्या दिवशी त्याने सायरागुलला बोलावून सांगितलं, की पेट्यांना अधिकार द्यायचं त्याने ठरवलंय. जणू ही कल्पना त्याला रात्री झोपेत सुचली होती.

"फक्त नियम मी लिहिणार," तो म्हणाला. "तुम्हा शहरातल्या पोरांना मानपान कळत नाही."

आणि त्याने नियम लिहिले. प्रत्येक गल्लीच्या पेटीला शिकवलं, की गल्लीतलं गल्लीत मिटव. पण गर्दी झाली तर आधी वडीलधारे. गल्लीतला सर्वांत थोर दुकानदार, म्हणजे तिथला अक्साकाल, त्याचा तुकडा सगळ्यांच्या आधी. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा. तरणीताठी पोरं शेवटी. जगात कुठल्याही इंजिनिअरला हे सुचलं नसतं, असं मेलिसला वाटलं, आणि ते बरोबरच होतं. त्याने स्वतःची पाठ थोपटली. दुसरं कुणी थोपटायला तिथे नव्हतं.

सकाळी सगळं छान चाललं. दुपारी गालिचांच्या गल्लीतले सतारकुल अक्साकाल जेवून आले, दुकानातल्या मोठ्या पडद्यावर त्यांनी कोक-बोरूचा सामना लावला आणि गालिचांच्या गठ्ठ्यावर आडवे झाले. घोडेस्वार बोकडाच्या धडामागे उधळले. पडद्यावर घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसत होता, इतकं चित्र स्वच्छ. सतारकुलांचा एकेक तुकडा पेटीसमोर आला की पेटी अदबीने बाजूला होई आणि त्यांना वाट करून देई. बाकीची गल्ली हात बांधून उभी. कार्डाची मशीनं गरगरत राहिली. गिऱ्हाइकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग निवडलेले गालिचे खाली ठेवले आणि पुढच्या गल्लीत निघून गेले.

गल्ली माडीवर चढून आली. सगळ्यात पुढे सतारकुल अक्साकालच होते, कारण आमच्याकडे तक्रारीलाही थोरलाच पुढे असतो.

"मेलिस, माझ्या गल्लीतल्या पोरांचा धंदा कुणी बसवला?" त्यांनी विचारलं.

मेलिसने सायरागुलकडे पाहिलं. सायरागुलने छताकडे पाहिलं.

"अक्साकाल, मी तुमचा मान राखला," मेलिस म्हणाला. "तुमचं सगळ्यात आधी जाईल अशी सोय केली. पंगतीत नाही का आपण करत?"

"पंगतीत काय करतो आपण?"

"थोरल्याला डोकं वाढतो."

"आणि ते डोकं मी एकटा खातो का रे?" म्हातारा खुर्ची ओढून बसला. "कान कापून पोराला देतो. टाळू पोरींना देतो. जबडा शेजाऱ्याकडे सरकवतो. माझ्या तोंडात पडतो तो एक चिमटा. डोकं मला देतात ते मी गिळावं म्हणून नाही, वाटावं म्हणून. यजमान मला डोकं देऊन मोकळा होतो. तो काय प्रत्येकाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो?"

"नाही," मेलिस म्हणाला.

"मग तू कशाला उभा आहेस?"

एवढी वर्षं मेलिस पंगतीत थोरल्यांच्या हाती डोकी देत आला होता आणि कानाचं काय होतं, टाळूचं काय होतं, याची त्याने कधी चौकशी केली नव्हती. ते त्या कोपऱ्याचं ते बघत. तारेच्या बाबतीत मात्र त्याला प्रत्येक कान आपल्याच हाताने कापायचा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याने तर अख्खी गल्ली रिकामी केली होती. त्याने मान हलवली आणि किल्ल्यांचा जुडगा द्यावा तसा सायरागुलला खुर्चीवर बसायचा इशारा केला.

सायरागुलने संध्याकाळपर्यंत नियम नव्याने लिहिले. पैशांचे तुकडे आधी, घोडे मागून. गल्लीतलं गल्लीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोठा स्विच इतका निवांत होता, की त्याच्या पंख्याचा आवाज येईना. मेलिसने दोनदा वाकून तो चालू आहे ना ते पाहिलं.

पण जित्याची खोड. निघायच्या आदल्या संध्याकाळी, सायरागुल घरी गेल्यावर, त्याने पेट्यांमध्ये एक गाठ मारून ठेवली. गल्लीत एखादं नवीन यंत्र आलं, नवा पत्ता दिसला, की पेटीने आधी मेलिसच्या फोनवर विचारायचं: देऊ का? मेलिस हो म्हणाला तरच पुढे. एवढीशीच गाठ. तेवढी तरी नको का?

शुक्रवारी सकाळी नवरा-बायको गाडीने गावाकडे निघाले. वाटेतलं कोचकोर गाव येईपर्यंत फोन अधूनमधून थरथरत होता. कोचकोर सोडल्यावर तो थांबेचना. शाळेच्या खरेदीसाठी बाजारात रोज नवी मशीनं येत होती. देऊ का? देऊ का? मेलिस गाडी बाजूला घ्यायचा, हो म्हणायचा, गाडी काढायचा, पुन्हा बाजूला घ्यायचा. मागून मेंढरांचा कळप आला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला. दोलोन खिंडीच्या पायथ्याशी, जिथे सिग्नल संपतो तिथे, ऊलकान गाडीतून उतरली, आपलं बोचकं काढलं आणि दगडावर बसली.

"काय झालं?"

"मागून गाड्या येतील. त्यातून जाते मी," ती म्हणाली. "तुम्ही इथेच बसा. इथे सिग्नल चांगला आहे."

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मेलिसला तोंड देता आलं असतं. तो फोन हातात घेऊन उभा राहिला. पुढे खिंड, खिंडीपलीकडे बेकबोलोत आबा, आणि हातात विचारत राहणाऱ्या पेट्या. त्या बिचाऱ्यांना उत्तर ठाऊक होतं. त्याने हो म्हणावं म्हणून त्या थांबल्या होत्या. आपण आयुष्यभर माणसांना असंच ताटकळत ठेवलं की काय, असं त्याला वाटलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने सायरागुलला फोन लावला.

"ती गाठ सोड."

"कुठली गाठ, आके?"

"मी एक मारून ठेवली होती. तुला माहीत नसेल."

"आज सकाळीच दिसली मला."

"मग सोडली का नाहीस?"

"तुमची होती," सायरागुल म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मेलिसने दगडावर बसलेल्या ऊलकानकडे पाहिलं.

"सोड," तो म्हणाला.

"सोडली. बाळाला माझा पापा द्या."

फोन गप्प झाला. त्याने फोन ऊलकानच्या हातात दिला. तिने तो बोचक्यात कोंबला आणि गाडीत येऊन बसली.

शनिवारी दुपारी व्याही आले. आधी बायका, डोक्यावर पांढरे रुमाल बांधलेल्या, रंगीत पाळणा मधोमध धरून. मग पुरुष. मग काठी टेकत बेकबोलोत आबा. सुनेने वाकून नमस्कार केला आणि ती तशीच वाकलेली राहिली. तिला रडू लपवायचं होतं. अंगणात कढईखालचा जाळ ओढून घेतला. मांस शिजलं होतं. एल्दोसने पाहुण्यांच्या हातावर पाणी घातलं, आणि मेलिस सुरी घेऊन वाफेत उभा राहिला.

त्याने व्याह्यांच्या पंगतीकडे पाहिलं. आबा तेवढे ओळखीचे. बाकी सगळे दाढीवाले, सगळे टोपीवाले, सगळे गंभीर. यातला काका कोण, मामा कोण? तो लाल गालांचा थोर, की त्याच्या शेजारचा? मागच्या वेळी त्याने अंदाजानेच ठोकून दिलं होतं. आजही बाजूला फोन नव्हता एवढाच काय तो फरक. अडाणीपणा तोच होता.

मग त्याने एक मोठं तबक घेतलं. त्यात डोकं ठेवलं, आणि व्याह्यांच्या वाट्याची सगळी हाडं, जाम्बाशसकट, एकत्र रचली. ते तबक दोन्ही हातांनी उचलून तो आबांसमोर गेला आणि गुडघ्यावर बसला.

"आबा, तुमच्या माणसांत थोर कोण आणि धाकटं कोण, हे तुमच्याइतकं मला कधीच कळणार नाही," तो म्हणाला. "मागच्या खेपेला मी उंटावरचा शहाणा झालो. तुमचा अपमान केला. या पंगतीचं तुम्ही वाटा. आमच्या बाजूचं मी बघतो."

यजमानाने वाटायचं सोडून पाहुण्याच्या हातात तबक दिल्याचं तिथे कुणी पाहिलं नव्हतं. दारात उभ्या ऊलकानने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरलं. सून पाळण्याची दांडी घट्ट धरून उभी होती. हा मान आहे की कामचुकारपणा, ते एकटे आबाच ठरवू शकत होते, आणि आबांना कसलीच घाई नव्हती.

मग म्हाताऱ्याने हात पुढे केला. मेलिसने सुरी त्याच्या हातात दिली. आबांनी डोक्याचा कान कापला आणि सोबत आलेल्या पणतूला बोलावलं. टाळू पोरींकडे गेली. लाल गालांचा माणूस मेलिसला थोर वाटला होता. त्याच्या पुढ्यात बरगडी पडली, आणि त्याने ती खुशीत घेतली. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या एका किरकोळ माणसाला मानाचं मांडीचं हाड मिळालं. तो सगळ्यांचा मामा निघाला. मेलिसच्या हातून हे सात जन्मांत झालं नसतं. तो आपल्या बाजूला वळला आणि भराभर वाटू लागला. आपली माणसं त्याला पाठ होती.

शेवटी आबांच्या तबकात जाम्बाश उरलं. त्या पंगतीत सगळ्यात थोर तेच होते, ते त्यांचंच. त्यांनी ते उचललं, शेजारच्याच्या हातात दिलं आणि हनुवटीने खूण केली. हाड हातोहात पंगत ओलांडून निघालं, या बाजूला आलं, आणि अजून सुरी हातात घेऊन उभ्या असलेल्या मेलिसपाशी थांबलं.

"आबा, हे तुमचं," मेलिस म्हणाला.

"आमच्यातलं आमच्यात वाटून झालं. हे पलीकडचं आहे," आबा म्हणाले. "वाटणाऱ्याच्या नशिबी गार मांस असतं, ते मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं वाटलंय मी. बस, आणि गरम आहे तोवर खा. आजोबा झालास तू आता."

मेलिस बसला. हाड इतकं गरम होतं की बोटं भाजली. वाटप झाल्यावर तळाशी उरेल ते, गोठलेल्या चरबीसकट, असंच त्याचं आजवरचं जेवण. गरम मांस असं लागतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो खाली मान घालून खात राहिला, कारण डोळे भरून आले होते आणि वाफेचं निमित्त फार वेळ पुरलं नसतं.

बायका बाळाला पाळण्यात बांधायला बसल्या तेव्हा ऊलकानने बोचक्यातून फोन काढून त्याच्या हातात ठेवला.

"जा टेकडीवर, तिथे लागतो सिग्नल. नाहीतर झोप लागायची नाही तुम्हाला."

तो धापा टाकत टेकडीवर गेला. फोन उंच धरला. मेंढ्या चरत होत्या, वारा होता. बऱ्याच वेळाने फोन एकदा, एकदाच, थरथरला. मोबाइल कंपनीने दोनावर एक रिंगटोन फुकट देऊ केली होती. बाकी काही नाही. सायरागुलचं नाही, राहत-एजेचं नाही, कुणाचंच नाही. शाळेच्या खरेदीचा शेवटचा शनिवार, आणि बाजाराला त्याची आठवणसुद्धा आली नव्हती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्याने लोकांना किती वेळा ऐकवलं होतं. ते कोंबडं आपणच, हे त्याला त्या टेकडीवर कळलं. त्याला हसू आलं, आणि हसता हसता थोडं वाईटही वाटलं. मुलगी सासरी रमल्याचं ऐकून बापाला वाटतं तसं.

तो खाली आला. ऊलकान अंगणात वाटच पाहत होती.

"बुडाला का बाजार?"

"नाही."

"मग चेहरा का एवढा पडलाय?"

"म्हणूनच," मेलिस म्हणाला.

ऊलकान हसली. व्याही बाह्या सरसावून रिकाम्या कढईपाशी उभा होता. धुवायला ती ओढ्यावर न्यायची होती.

"बाजाराला नसेल गरज," ती म्हणाली. "ही कढई एकट्याने उचलत नाही. धरा तिकडून."

मेलिसने फोन खिशात टाकला आणि कढईची एक कडी धरली. दुसरी व्याह्याने धरली.